वाटी केवढी, तेही छापा : आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना खुलं पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांचे संपादक आणि वाहिन्यांवरच्या आरोग्यविषयक कार्यक्रमांचे निर्माते यांना,

सप्रेम नमस्कार.

मी परळच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. बाह्यरुग्ण विभागात बसायला लागून बावीस वर्षं झाली. हे पत्र मी एका कात्रणामुळे लिहिते आहे.

गेल्या महिन्यात लालबागच्या एक मावशी तपासणीला आल्या. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात, रोज दीडशेच्या वर. मधुमेह होऊन सहा वर्षं झाली. पावसाळ्याआधी त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ७.४ टक्के होती, आता ९.८ निघाली. गोळ्या चुकवल्या नव्हत्या. रिकामी पाकिटं सोबत आणली होती. "साखर तर मी पूर्ण बंद केली, मॅडम," असं म्हणून त्यांनी केसपेपरच्या पिशवीतून घडी घातलेलं एक कात्रण काढलं. घडीवर कागद विरला होता म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. साखरेऐवजी गूळ कसा गुणकारी, असा लेख. वर गुळाच्या ढेपेचा रंगीत फोटो, खाली लोह, कॅल्शियम, पचन, रक्तशुद्धी.

लेख वाचण्याआधी मावशी दोन कप चहा घेत, कपाला अर्धा चमचा साखर. म्हणजे दिवसाला पाच ग्रॅम. लेख वाचल्यावर चहा तीन वेळा, गुळाचा, आणि दोन्ही जेवणांनंतर पचनासाठी एकेक खडा. खडा केवढा, विचारलं, तर त्यांनी पिशवीतून स्टीलची डबीच काढली. कामावर नेतात ती. मी एक खडा काट्यावर ठेवला. २२ ग्रॅम. चहातला धरून दिवसाचा हिशेब सत्तर ग्रॅमच्या आसपास गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घेतलेल्या साखरेची जी मर्यादा सांगितली, ती दोन हजार उष्मांकांच्या आहाराला ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. त्या साखरेत मध आणि फळांचा रसही धरलेला आहे. आणि ही मर्यादा सगळ्यांसाठी आहे. मावशींना तर मधुमेह.

आकडा ऐकल्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पेपरात आलंय म्हणून केलं हो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, लाज होती. ती लाज त्यांच्या वाट्याला यायला नको होती.

तो लेख मी त्यांच्यासमोर पुन्हा वाचला. धडधडीत खोटं असं त्यात फार थोडं होतं. गुळात लोह असतं, खरं आहे. पण शंभर ग्रॅम गुळात ते काही मिलिग्रॅमच, तेही ढेपेगणिक वेगळं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. ते गुळातून मिळवायचं तर अर्धा किलोच्या वर गूळ खावा लागेल, आणि उष्मांकांच्या बाबतीत गूळ आणि साखर यांच्यात नाव घेण्यासारखा फरक नाही. रक्तशुद्धी हा शब्द तर कुठल्याच तपासणीत मोजता येत नाही. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत अखंड करत असतात, गूळ खा किंवा खाऊ नका.

म्हणजे लेखातून गळल्या त्या दोनच गोष्टी: किती, आणि कोणी. माझं म्हणणं एवढंच आहे, संपादकहो. आहाराबद्दलचे बहुतेक गैरसमज पूर्ण थापा नसतात. कुठल्यातरी खऱ्या गोष्टीचं माप गळून पडतं आणि उरलेलं वाक्य घरोघर फिरतं.

मापाची गोष्ट निघालीच आहे तर माझ्या टेबलाच्या खणातल्या तीन वाट्यांबद्दल सांगते. एक घरातल्या आमटीची, एक लग्नात आहेरात मिळते ती, एक खानावळीतली. पेशंटला विचारते, तुमची कोणती? मग तिच्यात दाबून भात भरायला सांगते. लहान वाटीत ऐंशी ग्रॅम बसतो, मोठीत सव्वादोनशे. 'दुपारी एक वाटी भात घ्यावा' असं छापलेलं वाक्य वाचून एकीच्या पोटात जेवढा भात जातो, त्याच्या जवळजवळ तिप्पट दुसरीच्या जातो, आणि दोघीही पथ्य पाळत असतात. बावीस वर्षांत आहाराच्या लेखात 'वाटी म्हणजे अमुक मापाची' हे मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वाचलं.

भाताचीच गोष्ट घ्या. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं कोकणातली, भातावर वाढलेली. 'रात्री भात नको', 'शुगरला भात म्हणजे विष' हे त्यांनी इतकं ऐकलंय की डॉक्टरांनी न सांगताच भात सोडून येतात आणि त्या जागी चार-चार चपात्या खातात. कच्चा तांदूळ आणि गव्हाचं पीठ सारख्याच वजनाचं घेतलं तर उष्मांकांत मोठा फरक नाही. तांदळात थोडे जास्त, पिठात प्रथिनं आणि तंतू थोडे जास्त. शुगर वाढते ती एकूण पिष्ट पदार्थ किती खाल्ले यावर, आणि त्यांच्याबरोबर डाळ, उसळ, मासा, भाजी काय होतं यावर. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक विश्लेषणात भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्ट पदार्थांतून येतात असं दिसलं. तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आलं, पण पिष्टाचं एकूण माप तेवढंच राहिलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. हे वाचून मला आमच्या ओपीडीतल्या त्या चार चपात्या आठवल्या. याच पाहणीने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचं सांगितलं होतं. तुमचा वाचक हाच आहे.

भात सोडल्याने आणखी एक होतं. रात्री मऊ भात आणि आमटी खाऊन झोपणारे दात नसलेले आजोबा चपाती चावता येत नाही म्हणून चहा-बिस्किटावर झोपतात. वजन उतरतं, घरचे खूश होतात, आणि मग आजोबा बाथरूममध्ये पडतात.

दादरला सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी मैदानाबाहेर रसाच्या गाड्या लागतात: दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. एका गाडीवर प्लास्टिकमध्ये बंद केलेलं वर्तमानपत्राचं कात्रण टांगलंय, दुधीचा रस आणि हृदयविकार या विषयावरचं. त्या कात्रणात नसलेली गोष्ट अशी: दुधी काकडीच्या कुळातला आहे, आणि या कुळातल्या फळांत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. असा कडू दुधी विषारी असतो. त्याचा रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं हे सगळं झालेलं आहे. २०१० मध्ये दिल्लीत मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलं की कडू लागला तर रस टाकून द्या, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठा.

गाडीवर मिळतो तो मिश्र रस असतो, दुधी आणि कारलं. कारलं घातल्यावर दुधी कडू होता की नाही हे कुठल्या जिभेला कळणार?

माझी आजी दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती काढून जिभेला लावायची. कडू लागली की अख्खा दुधी उकिरड्यावर. तिला कुकुर्बिटासिन माहीत नव्हतं, पण तिच्या हातात तपासणी होती. दुधी गाडीवरच्या मिक्सरात गेला आणि ती चकती चाखायची राहून गेली. परंपरेतलं ज्ञान म्हणून तुम्ही जे छापता, त्यात ही चकती छापा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जुनं ते सगळं खोटं असं मी कधीच म्हणणार नाही. पोह्यांवर लिंबू पिळणं, मटकीला मोड आणणं, आंबील आंबवणं यांमागे खरं शास्त्र आहे. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने वनस्पतीजन्य लोह शरीरात जास्त शोषलं जातं. आणि याच्या बरोबर उलट काम चहा करतो. आपल्या शहरातल्या किती बायकांचा नाश्ता चहा-चपाती असतो, विचार करा. पहाटे डबे करायचे, उभ्याने चपाती चहात बुडवून खायची आणि सहा-पन्नासची लोकल पकडायची. त्याच चहाबरोबर लोहाची गोळीही घेतली जाते, विसरू नये म्हणून. चहातले टॅनिन ते लोह अडवतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. आता सांगा, 'गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या' हे एक वाक्य पुरवणीच्या पहिल्या पानावर यायला नको का? ते फुकट आहे. त्यासाठी कुठला परदेशी दाणा विकत आणावा लागत नाही.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. व्याख्यानांत मी कित्येक वर्षं एक गोष्ट सांगत असे: पालकात खूप लोह असतं हा समज एका शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिल्यामुळे पसरला, खरा आकडा त्याच्या एक दशांश. टाळ्या पडायच्या. ही गोष्ट १९८१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखामुळे जगभर गेली. पुढे अभ्यासकांनी मूळ कागद शोधायला घेतले तेव्हा त्या दशांश चिन्हाचा पुरावा सापडला नाही. गैरसमज खोडून काढणारी गोष्टच गैरसमज होती. पालकाचं खरं एवढंच की लोह आहे, पण त्यातल्या इतर घटकांमुळे ते अंगी कमी लागतं. ते कळल्यावर पुढच्या व्याख्यानात मी आधी माझी दुरुस्ती सांगितली आणि मग विषयाला हात घातला. दुरुस्ती सांगताना मान खाली जाते हे मला माहीत आहे, पण ऐकणाऱ्यांचा विश्वास त्याने कमी झाला नाही.

मथळ्याचं वजन किती असतं याचं एक उदाहरण तुमच्याच व्यवसायातलं आहे. १९६८ मध्ये रॉबर्ट हो मान क्वोक नावाच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला एक पत्र लिहिलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेत बधिरपणा, धडधड होते. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाइन असेल, अजिनोमोटो असेल किंवा मिठाचं प्रमाण असेल, असा तो एक प्रश्न होता. पत्र छापलं गेलं 'चिनी हॉटेलाचा आजार' अशा अर्थाच्या मथळ्याखाली. चार शक्यतांपैकी लोकांच्या लक्षात एकच राहिली. पुढे कोणाला काय दिलंय हे झाकून चाचण्या झाल्या, त्यांत अन्नातल्या अजिनोमोटोचा तसा ठाम परिणाम दिसला नाही. तरी आजही आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर 'अजिनोमोटो नाही' लिहिलेलं दिसलं की आई मुलाला निर्धास्त प्लेट घेऊन देते, आणि प्लेटमधल्या मिठाकडे, दहा वेळा तापलेल्या तेलाकडे तिचं लक्ष जात नाही.

अशा आणखी पुष्कळ गोष्टी रोज समोर येतात. रक्तदाबाचा पेशंट सैंधव आहे म्हणून भाजीवर वरून मीठ घेतो. सैंधवसुद्धा जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, आणि त्यात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' वाचून हात सैल सुटतो. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसतं, पण कुठलंही तेल चमच्याला उष्मांक तेवढेच देतं. उपासाला साबुदाणा हलका मानतात. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यावर तूप, शेंगदाणे, बटाटा. आपल्याच भाषेने 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून ठेवलंय. अंड्यातला पिवळा बलक काढून फेकणाऱ्या तरुण मुलांना अंड्याची जवळजवळ निम्मी प्रथिनं आणि बहुतेक जीवनसत्त्वं आपण फेकतोय हे कोणी सांगितलेलं नसतं.

एका गोष्टीत मात्र माप विचारायचंच नाही: वर्षाच्या आतल्या बाळाला मध. बोटभर चाटवायचाही नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बारशाच्या मोसमात मधाच्या गुणांवर लेख छापताना ही एक ओळ ठळक अक्षरांत हवी.

आता जाहिरातींबद्दल, कारण तो विषय टाळून हे पत्र प्रामाणिक होणार नाही. मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. तरी आरोग्याच्या पानावर लेखासारख्याच अक्षरांत, लेखासारख्याच चौकटीत असा मजकूर दिसतो, कोपऱ्यात बारीक 'जाहिरात' असं लिहून. आमच्या मावशींना ते बारीक अक्षर दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांवरही शुगरचा परिणाम झालेला आहे. इन्सुलिन बंद करून जांभळाच्या बियांची पूड घ्यायला लागलेला एक रिक्षावाला मी याच वर्षी अतिदक्षता विभागात पाहिला. तो वाचला. त्याच्या बायकोने पुडीबरोबर ते वर्तमानपत्रही जपून ठेवलं होतं.

तुमच्यावर लोकांचा एवढा विश्वास आहे. ओपीडीत मला प्रत्येकाला सात-आठ मिनिटं मिळतात. तुमचं पान घरात आठवडाभर असतं, मग कपाटाच्या फळीवर अंथरलं जातं, आणि तिथेही वाचलं जातं. म्हणून मागणं तुमच्याकडे आहे. खाण्याबद्दल काहीही छापताना ते किती, हे ग्रॅममध्ये किंवा ओळखीच्या मापात लिहा. ते कोणी खाऊ नये, हे त्याच परिच्छेदात लिहा, शेवटी तळटीपेत नको. आणि हे कशावरून म्हणता ते एका ओळीत सांगा: उंदरांवरचा प्रयोग, माणसांवरची चाचणी, की लेखकाचा अनुभव. अनुभव असेल तर अनुभव म्हणा, काही बिघडत नाही. चूक निघाली तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात यावी. छापण्याआधी मजकूर वाचून द्यायला माझ्यासारखे कितीतरी जण एका पैशाची अपेक्षा न ठेवता तयार होतील. सरकारी रुग्णालयांतल्या कुठल्याही आहार विभागाचं दार ठोठावून पाहा.

मावशींना मी पुढच्या तारखेला बोलावलं आहे. गूळ बंद, चहा आधीसारखा अर्ध्या चमच्याचा, गोळ्या डॉक्टरांनी बदलल्यात. निघताना त्यांनी विचारलं, "मग संक्रांतीला लाडू खाऊ की नको?" मी म्हटलं, एक खा, लहान, जेवणाबरोबर, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. त्यांनी मान डोलावली, पण मला माहीत आहे की त्या पुरवणीत बघतील. संक्रांतीच्या आठवड्यात तिळगुळावर तुमचे लेख येतीलच. तिळात कॅल्शियम आहे, स्निग्धता आहे, थंडीत बरं वाटतं, सगळं लिहा. फक्त लाडूच्या फोटोखाली एक ओळ घाला: हा लाडू इतक्या ग्रॅमचा, त्यात इतका गूळ, मधुमेह असेल तर दिवसाला एकच. वजन करायला काटा नसेल तर लाडू माझ्याकडे पाठवा, मी करून देते.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, परळ, मुंबई